जुन्या बाजारातला तलत : तबकडी उचलण्याआधी काय पाहावं

मंगळवार पेठेत शाहीर अमर शेख चौकाजवळ बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार पुणेकरांना नव्याने सांगायला नको. पान्हे, पितळी कुलपं, नाणी, घड्याळांचे सुटे भाग, आणि त्यांच्यामध्येच कुठेतरी ताडपत्रीवर टेकवून ठेवलेले रेकॉर्डींचे गठ्ठे. हे परीक्षण त्या गठ्ठ्यांचं आहे, आणि तेही एकाच गायकाच्या शोधात तिथे जाणाऱ्यांसाठी. गायक तलत महमूद.

एकाच गायकाचं वेगळं परीक्षण कशाला, तर जुन्या रेकॉर्डींना सरसकट एक माप लावता येत नाही म्हणून. शमशाद बेगमचा खणखणीत आवाज झिजलेल्या तबकडीतूनही वाट काढून बाहेर येतो. तलतचा येत नाही. त्याचं गाणं मऊ, मायक्रोफोनच्या जवळून म्हटलेलं, कानाशी बोलल्यासारखं. आणि त्याचं सगळं मर्म स्वर टेकवताना येणाऱ्या त्या रेशमी कंपात. तबकडीला जे जे आजार होतात ते पहिल्यांदा या कंपावरच उतरतात. त्यामुळे दुसऱ्या कुणाची 'चालेल' अशी रेकॉर्ड तलतची असेल तर बहुधा चालत नाही. बाजारात पैसे मोजताना हे एवढं धरून ठेवलं तरी निम्म्या चुका टळतात.

आधी बाजारात काय सापडू शकतं ते पाहू. तलतचा जन्म २४ फेब्रुवारी १९२४चा, लखनौचा. शिक्षण तिथल्याच मॅरिस कॉलेजात. १९३९ साली लखनौ रेडिओवर गझला गायला लागला आणि १९४१ मध्ये एचएमव्हीने त्याची पहिली तबकडी काढली. पुढे कलकत्त्याला 'तपन कुमार' या नावाने त्याने बंगाली गाणी म्हटली. गठ्ठ्यात बंगाली रेकॉर्ड निघाली आणि लेबलवर हे नाव दिसलं तर ती बाजूला सारू नका, गाणारा तलतच आहे. विक्रेत्याला हे माहीत नसण्याचीच शक्यता जास्त. १९४४चं 'तस्वीर तेरी दिल मेरा बहला न सकेगी' हे बिगरफिल्मी गीत, फैयाज हाशमींचे शब्द आणि कमल दासगुप्तांची चाल, यानं त्याचं नाव देशभर झालं. १९४९ मध्ये तो मुंबईला आला आणि १९५०च्या 'आरजू'त अनिल विश्वासांनी त्याला दिलीपकुमारचा आवाज केला. गळ्यातला कंप हा दोष आहे असं इतरांनी त्याच्या मनावर बिंबवलं होतं. तो लपवू नकोस, मला तोच हवा आहे, असं सांगणारे अनिलदा, ही गोष्ट जुन्या गाण्यांच्या बैठकीत आजही निघते.

१९५० ते साधारण १९६१ ही त्याच्या चित्रपटगीतांची भरभराटीची वर्षं, आणि ती जवळजवळ सगळी मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीवर पहिल्यांदा आली. दहा इंची तबकडी, एका बाजूला एक गाणं, फार तर सव्वातीन मिनिटं. एलपी, म्हणजे ३३⅓ फेऱ्यांची मोठी तबकडी, आपल्याकडे रुळेपर्यंत त्याचा बहर ओसरत आला होता. म्हणूनच तलतच्या शोधात निघालेल्या माणसाला लाखेच्या तबकडीची पारख यावीच लागते. नुसती एलपीची सवय पुरत नाही.

गाणं ओळखतानाही जरा थांबायला हवं. १९५२च्या 'दाग'मधलं 'ऐ मेरे दिल कहीं और चल' तलतने दोन ढंगांत गायलं आहे, शिवाय लताचं वेगळं. १९६१च्या 'छाया'मधलं 'इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा', मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीवरून सलील चौधरींनी बांधलेलं, लताबरोबरचं युगुलगीत म्हणून सगळ्यांना ठाऊक. पण तलतने एकट्याने म्हटलेलं त्याचं उदास रूपही आहे. लेबलवरच्या पहिल्या ओळी दोन्हीकडे सारख्याच. गायकांची नावं नीट वाचल्याशिवाय 'हेच ते' असं समजून घेऊ नका. तबकडीची दुसरी बाजूही वाचाच, कारण पैसे दोन्ही गाण्यांचे पडतात आणि मागच्या बाजूला भलत्याच गायकाचं गाणं असणं अगदी नेहमीचं. एचएमव्हीच्या चित्रपट तबकड्यांचे क्रमांक 'एन'ने आणि कोलंबियाचे 'जीई'ने सुरू होतात. गठ्ठा पटापट चाळताना याचा उपयोग होतो.

मराठी गठ्ठेही चाळा. आशा भोसलेंबरोबरचं 'हसले आधी कुणी' तलतचंच आहे.

आता पारख. बाजारात बहुतेक ठिकाणी रेकॉर्ड वाजवून पाहायची सोय नसते, त्यामुळे निकाल डोळ्यांनी आणि बोटांनीच लावायचा. सकाळी लवकर जा. गर्दी कमी असते हे एक, पण खरं कारण ऊन. लाख तापली की मऊ पडते. एप्रिल-मेच्या दुपारी ताडपत्रीवर पडलेली तबकडी तासाभरात वाकते आणि ती परत पूर्ण सरळ होत नाही. उन्हात सगळ्यात वर ठेवलेली रेकॉर्ड घेऊच नका, खालच्या काढा.

तबकडी हातात घेताना कड आणि लेबल यांनाच बोटं लागू द्या. पहिली पाहणी डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून: कड वर-खाली दिसली तर वाक आहे. थोडा सारखा वाक सुई झेलते, पण एकाच ठिकाणी आलेला उंचवटा सुईला उडवतो. दुसरी पाहणी तडा शोधण्याची. विक्रेत्याला विचारून तबकडी मधल्या भोकात बोट घालून लटकवा आणि कडेला बोटाच्या सांध्याने अगदी हलकी टिचकी द्या. सलग, स्वच्छ नाद आला तर तबकडी अखंड आहे. खरखर किंवा मुका आवाज आला तर डोळ्यांना न दिसणारी चीर कुठेतरी आहे. मडकं घेताना वाजवून पाहतात तसंच हे. कडेचा टवका गाण्याच्या पहिल्या रेघेपर्यंत पोचत नसेल तर त्याची काळजी करू नका; त्यावरून भाव मात्र जरूर पाडा.

तिसरी पाहणी सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी हीच घाईत राहून जाते. तबकडी प्रकाशाकडे तिरकी धरून हळूहळू फिरवा. चांगल्या लाखेला काळी, ओली वाटावी अशी चकाकी असते. करडा पट्टा दिसला की तिथल्या रेघांच्या भिंती पोलादी पिनेने खाल्लेल्या आहेत. लाखेच्या मिश्रणात दगडाची बारीक पूड असे. ती पिनेला घासून रेघेच्या मापाची करी, म्हणून पिन दर बाजूला बदलायची असा नियम होता. घरोघरी तो पाळला जात नसे. एकाच पिनेवर दहा-दहा गाणी वाजत आणि बोथट पिन रेघ ओरबाडत जाई. करडेपणा लेबलजवळच्या शेवटच्या अर्ध्या इंचात असेल तर तलतची ती रेकॉर्ड सोडून द्या. आत जाताना रेघेचा घेर लहान होतो, तेवढ्याच वेळात सुईखालून कमी लांबी सरकते आणि आवाज आधीच दाटलेला असतो. त्यात झीज मिळाली की शेवटचा अंतरा आणि अखेरचा मुखडा चरचरतो. तलत गाणं आवरताना जे काही करतो ते सगळं तिथेच असतं.

ओरखड्याला मात्र लोक उगाच घाबरतात. ओरखडा टक्टक् करतो, पण दोन टक्टकींच्या मध्ये आवाज शाबूत राहतो. झीज आवाजच खाते. चकचकीत पण ओरखडलेली आणि बिनओरखड्याची पण करडी, अशा दोन तबकड्या समोर असतील तर पहिली घ्या.

भोक मधोमध आहे की नाही हे बाजारात नक्की सांगता येत नाही, कारण लेबलच तिरकं चिकटलेलं असू शकतं. गाणं संपल्यावरची मोकळी जागा सगळीकडून सारख्या रुंदीची दिसते का ते पाहा. घरी तबकडी फिरताना टोनआर्म (सुई धरणारा दांडा) डावी-उजवीकडे झुलत असेल तर भोक सरकलेलं आहे. अशा वेळी दर फेऱ्याला स्वर एकदा चढतो, एकदा उतरतो. मिनिटाला ७८ फेरे म्हणजे सेकंदाला १.३ हेलकावे. तलतचा स्वतःचा कंप याहून कितीतरी जलद; पण दोन्ही एकात एक मिसळले की गळा कुठे हलतो आहे आणि तबकडी कुठे, हे कानाला कळेनासं होतं. त्याचा आवाज रडका आहे अशी तक्रार करणाऱ्यांना एकदा नीट मध्यावर बसलेली तबकडी ऐकवावी. तोच कंप एकदम आवरलेला, सुरात पक्का बसलेला ऐकू येतो. भोक थोडंच सरकलेलं असेल आणि फिरत्या थाळीचा मधला खुंटा काढता येत असेल, तर तबकडी हाताने सरकवून, टोनआर्म झुलायचा थांबेपर्यंत, मध्यावर आणता येते. भोक कानशीने मोठं करण्याचा उद्योग करू नका.

भावाची पाटी कुठेही नसते. सांगितलेल्या भावाच्या निम्म्यापासून बोलायला सुरुवात केली तर कुणी रागावत नाही. एकेक निवडून घेतली की भाव चढतो, पाच-सहा एकत्र घेतल्या की उतरतो. म्हणून पारख करून तीन बाजूला काढा, मग चौथी-पाचवी जोडून एकच आकडा ठरवा. लेबलवर दिलीपकुमारच्या चित्रपटाचं नाव दिसलं की बरेच विक्रेते भाव वाढवून सांगतात. त्या मानाने तलतच्या बिगरफिल्मी गझला आणि गीतं स्वस्त पडतात. ऐकणाऱ्याचा यात फायदाच आहे. गझलेत वाद्यं थोडी, शब्द पुढे, आणि तलतचे उर्दू उच्चार तिथे सगळ्यात स्वच्छ.

रेकॉर्ड चांगली मिळाली आणि वाजवली चुकीच्या यंत्रावर, तर सगळं मुसळ केरात. लाखेच्या तबकडीची रेघ रुंद असते. तिला सुमारे ७५ मायक्रॉन टोकाची सुई लागते. एलपीच्या सुईचं टोक १८ ते २५ मायक्रॉनचं. एलपीची सुई ७८च्या रेघेत भिंतींना टेकतच नाही, तळाशी साचलेल्या धुळीत खरडत जाते. हल्ली मिळणाऱ्या पेटीसारख्या स्वस्त यंत्रांवर ७८चा खटका असतो, पण बहुतेकांत सुई एकच असते. जुन्या यंत्रांवर कार्ट्रिजखालची (सुई बसवलेल्या डबीखालची) पट्टी फिरवून 'एलपी' आणि '७८' अशा दोन सुया निवडता यायच्या. असं यंत्र बाजारात दिसलं तर ती पट्टी फिरते का आणि दोन्ही सुया जागेवर आहेत का हे आधी पाहा. ७८च्या सुईवर ४ ते ५ ग्रॅम भार ठीक. एलपीच्या सुईवर कार्ट्रिजच्या कागदावर लिहिला असेल तितकाच, बहुधा दीड ते तीन ग्रॅम.

वेगाची खात्री करण्यासाठी कागदी स्ट्रोब चकती, म्हणजे रेघांची वर्तुळं छापलेली चकती, थाळीवर ठेवा. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ७८साठी ७७ रेघांचं वर्तुळ लागतं, ३३⅓साठी १८० रेघांचं. चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटखाली किंवा निऑन दिव्याखाली रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. एलईडीखाली हे भरवशाचं नाही, कारण बरेच एलईडी तसे लुकलुकत नाहीत. वेग ७८ऐवजी ८० झाला तर स्वर सुमारे पाव स्वर चढतो आणि तलत अचानक कोवळा, नाकातला वाटतो. कारण बहुधा रबराचं: ताणलेला पट्टा किंवा कडक झालेलं आतलं चाक. पट्टे, खटके, तारा यांसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आहेच. जुना पट्टा सोबत न्या. पट्टा फार ताणलेला असेल तर थाळीच्या आतल्या कडेभोवती आणि मोटरच्या कप्पीभोवती दोरा फिरवून माप घेऊन तो दोरा दाखवा.

स्टिरिओ कार्ट्रिज असेल तर अँपवरचं मोनोचं बटण दाबा. लाखेच्या तबकडीत गाणं फक्त आडव्या हालचालीत कोरलेलं असतं, उभ्या हालचालीत नुसती खरखर. दोन्ही बाजू एक झाल्या की उभी हालचाल एकमेकींना मारते आणि खरखर लक्षात येईल इतकी उतरते. आजचे फोनो प्रीअँप (कार्ट्रिजचा बारीक आवाज अँपसाठी वाढवणारे) एलपीच्या मापाने बेस चढवतात आणि ट्रेबल उतरवतात. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीच्या तबकड्या त्या मापाने कोरलेल्या नाहीत. म्हणून ट्रेबल थोडा वर, बेस थोडा खाली. तलतचे 'स' आणि 'श' कानाला टोचायला लागायच्या आधी थांबा.

यंत्र नीट लागलं की नाही हे पाहायला एकच तबकडी सुचवायची तर १९५३च्या 'फुटपाथ'मधलं 'शाम-ए-ग़म की क़सम'. खय्याम यांनी या गाण्यात तबला-ढोलकीचा नेहमीचा ठेका ठेवलेला नाही. ठेका नाही म्हणजे खरखर लपायला आडोसा नाही. मधल्या शांत जागांत श्वास ऐकू आला, ओळीचा शेवटचा स्वर विरताना कंप शेवटपर्यंत मोजता आला, की तबकडी, सुई आणि वेग तिन्ही ठाकठीक आहेत. ही तबकडी चांगल्या अवस्थेत दिसली तर भावासाठी फार ताणू नका.

धुण्याबाबत एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा: लाखेच्या तबकडीला स्पिरिट, सॅनिटायझर, कोलनवॉटर यांतलं काहीही लागता कामा नये. स्पिरिटमध्ये लाख विरघळते, आणि एकदा रेघ विरघळली की गाणं गेलं. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात सौम्य भांड्याच्या साबणाचे चार-पाच थेंब, लहान मुलांचा मऊ टूथब्रश, आणि ब्रश रेघेच्या दिशेने गोल. लेबलवर प्लास्टिकचं झाकण दाबून धरा, कागद भिजला की सुटतो. मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने धुऊन भांड्यांच्या रॅकमध्ये उभी, सावलीत, पंख्याखाली वाळवा. ओलसर तबकडी पाकिटात गेली तर पुण्याच्या पावसाळ्यात तिच्यावर बुरशी धरणारच. विक्रेत्याने ओल्या फडक्याने पुसून चमकवलेली तबकडी पाहून भुलू नका. ती वाळू द्या, मग चकाकी खरी की पाण्याची ते कळतं.

एलपी आणि ईपींविषयी थोडक्यात. ज्याला लाखेचा व्याप नको त्याच्यासाठी सात इंची ईपी हा जुन्या बाजारातला सगळ्यात शहाणा सौदा: तीन-चार गाणी, मोनो, आणि नेहमीच्या यंत्रावर वाजणारी. १९५९च्या 'सुजाता'पासून पुढची गाणी या आकारात शोधा. १९६४च्या 'जहांआरा'ची रेकॉर्ड मिळाली तर हातची सोडू नका. बाकीचे संगीतकार दुसऱ्या आवाजांकडे वळले असताना मदनमोहन यांनी 'फिर वही शाम' त्याच्याकडून गाऊन घेतलं, आणि तिथला तलत १९५०च्या दशकातल्या तलतपेक्षा जड, जास्त ठेहरावाचा आहे. गाजलेल्या गाण्यांच्या संकलन एलपी भरपूर दिसतात. त्यांत मूळ मोनो ध्वनिमुद्रणाला मागाहून स्टिरिओचं रूप दिलेल्या आवृत्त्या टाळा. आवाज मध्यावर न राहता पसरतो आणि पोकळ होतो. कव्हर कितीही देखणं असलं तरी आतली तबकडी काढून तिचं लेबल कव्हरशी जुळतं का ते पाहाच.

कॅसेट घेऊ नका. फीत ताणलेली असते, आणि ताणलेल्या फितीचा हेलकावा तबकडीच्या हेलकाव्याहून वाईट. नुसतं ऐकायचंच असेल तर अधिकृत डिजिटल आवृत्ती बरी. त्यातही खरखर पार पुसून टाकलेली नको, कारण त्या पुसण्यात श्वास आणि कंपाची शेपटीही पुसली जाते.

पितळी कर्ण्याचे ग्रामोफोन मात्र बाजारातली सगळ्यात फसवी वस्तू. कर्णा नवा चकचकीत, पेटीवर कुत्र्याच्या चित्राचा नवाकोरा पत्रा, साउंडबॉक्स (पिन बसवायची गोल डबी) एका जातीचा आणि आर्म दुसऱ्याच: ही सुट्या भागांतून जुळवलेली, शोभेची यंत्रं. अस्सल यंत्राचा आर्मही शंभर ग्रॅमच्या वर भार टाकतो; जुळवलेल्यात त्याचा कोनही चुकलेला असतो. चांगल्या अवस्थेतली तलतची तबकडी त्यावर काही वेळा वाजवली की तोच करडा पट्टा उमटायला लागतो. एलपी किंवा ईपी तर त्यावर एकदाही ठेवू नये, पहिल्याच फेऱ्यात रेघ फाटते.

घरी नेण्याची तयारी बाजारात जाण्याआधीच करा. दहा इंचाहून थोडे मोठे जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे, रबरबँड आणि एक कापडी पिशवी एवढं पुरतं. तबकड्यांच्या मध्ये एकेक वर्तमानपत्राचा कागद, दोन्ही बाजूंना पुठ्ठा, आणि पिशवी उभी. स्कूटरच्या हुकाला ती लटकवू नका. पहिल्याच गतिरोधकावर गुडघा लागतो आणि लाखेची तबकडी काचेसारखी फुटते. मागे बसणाऱ्याच्या मांडीवर द्या, किंवा रिक्षाने जा.